चाळ आणि खाणावळ

(मुंबईच्या गिरणगावात एका शतकाहून अधिक काळ लाखो माणसे लहान लहान खोल्यांत राहिली. खोलीत न मावणारे आयुष्य त्यांनी चाळीच्या सज्जात आणि खाणावळीच्या पंगतीत जगून घेतले. आता त्या चाळी पाडल्या जात असून त्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहत आहेत. या स्थित्यंतरात काय मिळते, काय हरवते आणि काय जतन करता येईल, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.)

मुंबईतील पहिली सूतगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केली. तिच्यामागून एकामागून एक गिरण्या निघाल्या आणि लालबाग, परळ, वरळी, शिवडी, भायखळा या भागांत धुराड्यांचे रानच उभे राहिले. या भागाला लोक ‘गिरणगाव’ म्हणू लागले. गिरण्यांना माणसे हवी होती आणि कोकणातील, साताऱ्याकडील व कोल्हापूरकडील माणसांना काम हवे होते. शेतीवर पोट भरेना, तेव्हा घरातील एक कर्ता तरुण वळकटी खांद्यावर टाकून मुंबईची वाट धरी. बायकामुले, म्हातारे आईवडील आणि गुरेढोरे गावीच राहत. मुंबईत त्याला दोन गोष्टींची गरज पडे : रात्री पाठ टेकण्यापुरती जागा आणि दोन वेळचे जेवण. पहिली गरज चाळीने भागवली, दुसरी खाणावळीने.

आरंभी या चाळी घरमालकांनी आपल्या सोयीने बांधल्या. थोड्या जागेत पुष्कळ भाडेकरू बसवावेत, एवढाच त्यांचा हेतू असे. खोल्यांत उजेड नसे, वारा नसे, सांडपाण्याची नीट व्यवस्था नसे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली, तेव्हा या दाटीवाटीच्या वस्त्यांची भीषण अवस्था सर्वांच्या ध्यानी आली. शहर सुधारण्यासाठी सरकारने १८९८ मध्ये एक सुधार मंडळ स्थापिले. त्याने बांधलेल्या चाळी ‘बीआयटी चाळी’ या नावाने ओळखल्या जातात. परळच्या अशाच एका चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर राहत असत. १९३४ मध्ये दादर येथील ‘राजगृह’ या स्वतःच्या घरी जाईपर्यंत अनेक वर्षे त्यांचा संसार आणि व्यासंग तेथील लहानशा जागेतच चालला होता.

पुढे १९२० मध्ये सरकारने घरबांधणीचे एक वेगळे खाते उघडले. त्याने वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड येथे मिळून २०७ चाळी उभारल्या. त्या ‘बीडीडी चाळी’ होत. तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर वीस खोल्या, म्हणजे एका चाळीत ऐंशी खोल्या, अशी त्यांची रचना होती. एक खोली साधारणतः १६० चौरस फुटांची. शौचकूप मात्र मजल्यागणिक सामाईक.

१६० चौरस फूट म्हणजे किती, हे वर्गाच्या जमिनीवर खडूने आखून पाहण्याजोगे आहे. सोळा फूट लांब आणि दहा फूट रुंद, एवढीच ती जागा. तीत चूल, मोरी, पाण्याचे पिंप, देव, ट्रंका आणि अंथरुणे यांची सोय करायची आणि उरलेल्या जागेत माणसांनी राहायचे. एकेका खोलीत कित्येक कामगार मिळून राहत. गिरणीत तीन पाळ्या चालत. एक गट कामावर गेला की दुसरा गट त्याच जागेवर झोपे. भिंतीवर ओळीने मारलेले खिळे आणि त्यांना अडकवलेल्या पिशव्या हीच तेथील माणसांची मालमत्ता.

खोली अशी अपुरी असल्यामुळे घराचा बराचसा भाग दाराबाहेर आला. काही चाळींत खोल्यांपुढे लाकडी कठड्याचा लांब सज्जा असे. काहींत दोन्ही बाजूंच्या खोल्यांमधून जाणारा बोळ असे. तेथेच मुले अभ्यासाला बसत, तेथेच पापड वाळत, तेथेच उन्हाळ्याच्या रात्री पुरुषमंडळींची अंथरुणे पडत. कोणाकडे पाहुणा आला तर त्याला निजायला शेजारच्या खोलीत जागा मिळे. कोणाचे मूल तापाने फणफणले तर ते साऱ्या मजल्याला कळे आणि डॉक्टरांना आणायला कोणी तरी धावत सुटे. उत्सवही असेच दाराबाहेर आले. गिरगावातील केशवजी नाईक चाळीत १८९३ मध्ये सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. तेव्हापासून चाळ आणि गणेशोत्सव यांचे नाते जडले, ते आजतागायत.

तथापि, चाळीत सारेच गोड होते असे समजणे चुकीचे ठरेल. नळाला पाणी ठराविक वेळीच येई आणि हंड्यांच्या रांगेवरून रोज भांडणे होत. शौचकूपापुढे सकाळी ताटकळत उभे राहावे लागे. घरातले बोलणे शेजाऱ्याला ऐकू जाई आणि स्त्रियांना क्षणभरही एकांत मिळत नसे. चाळीतील माणसे एकमेकांना धरून राहिली, ती काही जन्मतः थोर होती म्हणून नव्हे. परस्परांवाचून कोणाचेच भागत नव्हते, हे त्याचे खरे कारण होते.

आता खाणावळीकडे वळू. गिरणगावातील खाणावळ म्हणजे पाटी लावलेले दुकान नव्हे. चाळीतीलच एखादी गृहिणी आपल्या राहत्या खोलीत दहा-वीस कामगारांचा स्वयंपाक करी. पुष्कळदा या गृहिणीचा नवरा आजारी असे किंवा त्याचे काम सुटलेले असे आणि घर चालविण्याचा सारा भार तिच्यावर येऊन पडे. भल्या पहाटे, गिरणीचा भोंगा होण्यापूर्वी, तिच्या भाकऱ्या थापून झालेल्या असत. मध्यरात्री दुसरी पाळी सुटली की थकलेले कामगार जेवायला येत. त्यांच्यासाठी ती जागी राही. भात, भाकरी, आमटी किंवा कालवण, परवडेल तेव्हा सुकी मासळी, असा बेत असे. आपल्याच मुलखाच्या बाईच्या हातचे जेवण मिळाले म्हणजे त्या परक्या शहरात क्षणभर गावच्या घरी बसल्याचा भास होई.

खाणावळीचा हिशेब महिन्याचा असे. पगार झाला की जेवणारे पैसे चुकते करीत. एखादा जेवायला आला नाही, तर त्या दिवसाचा ‘खाडा’ वहीत मांडला जाई आणि तेवढे पैसे वजा होत. हा खाडा नुसता पैशांपुरता नसे. वहीत सलग दोन खाडे पडले की खाणावळवाली बाई विचारी, “अमका कुठं आहे? गावी गेला की आजारी पडला?” मग कोणी तरी त्याच्या खोलीवर जाऊन पाही. ज्याचे या शहरात कोणी नव्हते, त्याची नोंद निदान एका वहीत तरी होती.

परंतु महिनाअखेरीस पैसे येणार आणि धान्य, रॉकेल, मसाला मात्र रोज लागणार, ही मोठीच अडचण होती. वाण्याची उधारी वाढे. ती फेडण्यासाठी सावकाराकडे जावे लागे. दागिना गहाण पडे आणि कष्टाची मिळकत व्याजातच जाई. गिरण्यांत संप झाला की जेवणाऱ्यांचे पैसे थकत. तरीही, काल जेवलेल्या माणसाला आज उपाशी कसे पाठवायचे, म्हणून या स्त्रिया चूल पेटती ठेवीत. कामगारांच्या लढ्यांना अशा रीतीने त्यांचा मोठाच आधार होता. त्या कष्टांची मोजदाद मात्र फारशी कोणी केली नाही.

ही उणीव प्रेमा पुरव यांच्या लक्षात आली. त्या मूळच्या गोव्याच्या. गोवा मुक्तिसंग्रामात त्यांच्या पायाला गोळी लागली होती. पुढे मुंबईत कामगार चळवळीत काम करीत असताना त्यांनी खाणावळवाल्या स्त्रियांना संघटित केले आणि १९७५ मध्ये ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ स्थापन केले. बँक कर्ज देताना तारण मागते आणि या स्त्रियांजवळ तारण ठेवण्यासारखे काहीच नव्हते. तेव्हा एका गटातील स्त्रिया एकमेकींना हमी राहिल्या आणि राष्ट्रीयीकृत बँकेतून त्यांना कर्ज मिळाले. सावकाराचा पाश सैल झाला. ज्यांना सही करता येत नव्हती, त्या स्त्रियांची बँकेत खाती उघडली. प्रेमाताईंच्या या कार्याबद्दल भारत सरकारने २००२ मध्ये त्यांना ‘पद्मश्री’ देऊन गौरविले.

खाणावळीच्या जोडीला इतरही उपाहारगृहे शहरात होती. इराणमधून आलेल्या झरतुष्ट्रपंथीय लोकांनी रस्त्यांच्या कोपऱ्यांवर आपली हॉटेले थाटली. धोबीतलाव येथील ‘कयानी’ १९०४ मध्ये सुरू झाले, तर बेलार्ड पिअर येथील ‘ब्रिटानिया’ १९२३ मध्ये. संगमरवरी मेज, वाकविलेल्या लाकडाच्या खुर्च्या, चहा आणि ब्रून-मस्का ही इराण्याच्या हॉटेलाची ओळख होय. दक्षिण कॅनरा जिल्ह्यातून आलेल्या लोकांनी उडुपी हॉटेले काढली. माटुंग्याला रामा नायक यांनी १९४२ मध्ये काढलेली खाणावळ प्रसिद्ध आहे. एक भेद येथे ध्यानात ठेवावा. चाळीतील खाणावळ बहुधा एका गावच्या किंवा एका समाजाच्या माणसांची असे. इराण्याच्या मेजावर मात्र कोणत्याही जातिधर्माच्या माणसाने एक कप चहा घेऊन बसावे आणि शेजारी बसलेल्याशी बोलावे. खाणावळीने माणसाला गावाची ऊब दिली, इराण्याने त्याला शहराची ओळख करून दिली.

कालांतराने हे सारे पालटले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. त्यात दोन लाखांहून अधिक कामगार उतरले होते. संप दीर्घकाळ रेंगाळला आणि पुढे अनेक गिरण्या बंद पडल्या. कामगार पांगले, तशा खाणावळीही ओस पडल्या. इकडे चाळी जुन्या होत होत्या. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठविली होती. त्यामुळे गरिबांचे छप्पर टिकले, हे खरे. पण मिळणाऱ्या भाड्यात डागडुजी होत नाही, म्हणून मालकांनी दुर्लक्ष केले, हेही तितकेच खरे. जिने खचले, तुळया कुजल्या. अखेर चाळी पाडून नव्या इमारती बांधण्याचे काम सुरू झाले. वरळीच्या बीडीडी चाळींतील काही रहिवाशांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या.

जेथे चाळ अजून उभी आहे आणि नव्या इमारतीचे नकाशे आले आहेत, अशा एखाद्या सज्जात संध्याकाळी कान दिला, तर पुढीलप्रमाणे संवाद ऐकू येतो.

बाकावर गिरणीतून निवृत्त झालेले आबा बसले आहेत. पत्नी निवर्तल्यापासून ते एकटेच असतात. तळमजल्यावर खाणावळ चालविणाऱ्या मावशी जिन्याच्या पायरीवर टेकल्या आहेत. शाळेत शिकविणाऱ्या वहिनी आणि नुकताच नोकरीला लागलेला एक तरुण कठड्याशी उभे आहेत.

“आबा, आता आपल्याला लिफ्ट मिळणार. पाणी चोवीस तास!” तरुण उत्साहाने म्हणतो.

“चांगलंच झालं की. पण आमच्या जेवणाचं काय? मावशींना नव्या इमारतीत कितव्या मजल्यावर घर मिळेल, कोणाला ठाऊक!” आबा म्हणतात.

“जेवणाची कसली काळजी करता? फोनवर सांगितलं की अर्ध्या तासात गरम जेवण दारात येतं. हवं त्या हॉटेलातलं!”

“जेवण येतं, बाबा. पण मी दोन दिवस मागवलं नाही, तर विचारायला कोण येतं? मागच्या पावसाळ्यात मला ताप भरला, तेव्हा माझा खाडा पडला म्हणून मावशी जिना चढून वर आल्या. म्हणून आज इथं बसलोय.”

तरुण यावर काही बोलत नाही. वहिनी मात्र बोलतात. “आबा, तुमचं म्हणणं खरं आहे. पण आमच्या सासूबाईंना रात्री विजेरी घेऊन साऱ्या मजल्याला वळसा घालून जावं लागतं. दोनदा त्या घसरून पडल्या. घरात स्वतःचं न्हाणीघर असावं, ही काही चैन नव्हे. चाळ सोडताना मला वाईट वाटेल. पण तिला धरून ठेवावं, असं मी म्हणणार नाही.”

“आणि माझ्या गुडघ्यांचा विचार कोण करील?” मावशी हसून म्हणतात. “चाळीस वर्षं झाली पाणी भरतेय. घरात नळ येणार, याचा सगळ्यांत जास्त आनंद मलाच आहे. पण दारावरून माणसं जाणार-येणार नाहीत, तर माझी खाणावळ चालायची कशी? ती बंद झाली, तर मी मुलापुढं हात पसरू का?”

प्रश्न अवघड असतो. प्रत्येकाचे म्हणणे ऐकल्यावर त्यांतील कोणतेच टाकाऊ नाही, असे दिसून येते. थोड्या वेळाने वहिनी सुचवितात, “आपण सर्वांनी मिळून अर्ज करू. तळमजल्यावर सामाईक खोली असावी आणि प्रत्येक मजल्यावर लिफ्टजवळ एक बाक असावा, अशी मागणी करू.”

“आणि मावशींनी डबे द्यावेत. एकट्या राहणाऱ्यांचे डबे मी आणि माझे मित्र संध्याकाळी पोचवू,” तरुण म्हणतो. “पोचवायचे म्हणजे दारात ठेवून यायचे नाहीत. हातात द्यायचे.”

“वही मात्र माझ्याकडेच राहील!” मावशी ठासून सांगतात. “खाडा कोणाचा पडला, ते मला कळलं पाहिजे.”

अर्ज मान्य होईल की नाही, हे त्या संध्याकाळी कोणालाच सांगता येत नाही. तरीही चौघांच्या सह्या होतात आणि कागद पुढच्या खोलीकडे जातो.

चाळ गेली म्हणून शेजारधर्म जातो असे नाही आणि चाळ राहिली म्हणून तो आपोआप टिकतो असेही नाही. चाळीत माणसांना परस्परांची गरज होती, म्हणून ती एकत्र आली. नव्या घरांत नळ, न्हाणीघर आणि दाराला भक्कम कुलूप मिळते. ही सुखे कष्टाने मिळविलेली असून ती हवीतच. मात्र तेथे गरज माणसाला दाराबाहेर आणत नाही. त्यामुळे शेजाऱ्याची विचारपूस आता ठरवून करावी लागते. खाणावळीच्या वहीतील खाडा हा या दृष्टीने मोठा बोलका आहे. आपल्या मजल्यावर आज कोण दिसला नाही, हे ज्याच्या ध्यानी येते आणि जो उठून त्याच्या दारावर थाप मारतो, तो खरा शेजारी होय.

शब्दार्थ

वळकटी – गुंडाळलेले अंथरूण. सज्जा – खोल्यांपुढील लांब गॅलरी. कठडा – सज्जाच्या कडेचा आडोसा. मोरी – भांडी घासण्याची व अंघोळीची जागा. खाडा – गैरहजेरीचा दिवस. तारण – कर्जासाठी हमी म्हणून ठेवलेली वस्तू. स्थित्यंतर – एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जाणे. व्यासंग – अभ्यासाचा ध्यास. डागडुजी – किरकोळ दुरुस्ती. विजेरी – हातात धरण्याचा विजेचा दिवा.

स्वाध्याय

१. एकेका वाक्यात उत्तरे लिहा :
(अ) मुंबईतील पहिली सूतगिरणी कोणी व केव्हा स्थापन केली?
(आ) बीडीडी चाळी कोणकोणत्या भागांत बांधल्या गेल्या?
(इ) अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना कोणी केली?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा :
(अ) ‘हा खाडा नुसता पैशांपुरता नसे’, असे का म्हटले आहे?
(आ) खाणावळवाल्या स्त्रियांना सावकाराकडे का जावे लागे? त्यातून त्यांची सुटका कशी झाली?
(इ) चाळीतील खाणावळ आणि इराण्याचे हॉटेल यांतील भेद स्पष्ट करा.

३. सज्जातील संवादात आबा, वहिनी, मावशी आणि तरुण यांपैकी कोणाचे म्हणणे तुम्हांला अधिक पटते? कारणे देऊन लिहा.

४. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : पाठ टेकणे, ध्यानी येणे, ओस पडणे, हात पसरणे.

५. कंसातील सूचनेप्रमाणे वाक्ये पुन्हा लिहा :
(अ) ती जागी राही. (भविष्यकाळ करा.)
(आ) चाळी जुन्या होत होत्या. (एकवचन करा.)

६. उपक्रम : तुमच्या घराजवळची एखादी जुनी खाणावळ किंवा उपाहारगृह पाहून या. ते केव्हा सुरू झाले, तेथे पूर्वी कोण जेवायला येत आणि आता कोण येतात, हे तेथील वडीलधाऱ्या माणसांना विचारा व दहा ओळींत लिहा.